केबल धाकटीकडे आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

हो म्हणून बसले! जीभ माझी, दोष कुणाला देणार. ग्रंथपालांनी नुसतं विचारलं, की एका ऑफिसनं जुना कॉम्प्युटर दिलाय, वाचनालयाच्या मागच्या खोलीत ज्येष्ठांसाठी वर्ग काढू, पण शिकवील कोण? सगळे छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, मशीन मला कळतं. शिवणाचं मशीन मी कितीदा खोलून जोडलंय. त्या म्हणाल्या, ठरलं तर मग.

येताना नवशिक्यांचं एक पातळसं पुस्तक घेऊन आले. वर्गाच्या एक धडा पुढे राहिले की झालं. संसार तरी आपण असाच केला.

संध्याकाळी पुतण्याचा फोन. तोच विषय. आई जिना उतरणार नसेल तर महिनाअखेरीला येऊन तिला घेऊन जातो म्हणाला. 'काकू, वर्ष झालं. तुम्ही तरी किती दिवस पुरणार तिला?' मुलगा वाईट नाही. त्याचंही खरंच आहे. पण माझी धाकटी जाऊ इथून गेली तर या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, आणि त्यातलं एक कायमचं बंद. उभा जन्म जावा-जावा म्हणून भांडलो, आता कुठं मैत्रिणी झालोय.

दीर गेले तेव्हापासून तिनं खाली पाऊल टाकलेलं नाही. गुडघे माझ्यापेक्षा ठणठणीत! विचारलं की म्हणते, 'खाली काय आहे?' भाजीसुद्धा गॅलरीतून टोपली सोडून वर ओढते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला वर्ग. हजर चौघं. कंडक्टर (नोकरीतून निवृत्त झाले, आवाज अजून ड्यूटीवर), नर्सबाई, गवंडी, आणि कोर्टातले टायपिस्ट.

कंडक्टर मॉनिटरसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, 'हाच ना कॉम्प्युटर?' म्हटलं, तो नुसता पडदा. दुकानाच्या काचेला आपण दुकान म्हणतो का? खरं काम खालच्या डब्यात चालतं. ते एवढे खट्टू झाले की मला दोनदा सांगावं लागलं, पडदा नसेल तर आत काय चाललंय ते कळायचंच नाही.

खोलीचं कुलूप मोडकं. ग्रंथपाल म्हणाल्या, सामान रोज घरी न्या बाई, इथं ठेवू नका. मग वाटणी केली — ज्यानं त्यानं आपला भाग न्यायचा, जपायचा, वर्गाला आणायचा. मॉनिटर कंडक्टरांकडे. कीबोर्ड टायपिस्टांच्या मांडीवरून हललाच नव्हता, तो त्यांना. माउस नर्सबाईंना. डबा गवंड्याला. उरली ती जाडजूड काळी केबल, भिंतीतली वीज डब्याला देणारी. (पडद्याची वायर पडद्याला जन्मतःच चिकटलेली आहे.)

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! म्हटलं, केबल धाकटीकडे राहील.

कंडक्टर म्हणाले, पण त्या कुठं येत नाहीत ना?

म्हटलं, केबलीशिवाय हा सगळा संसार म्हणजे भंगार. यावंच लागेल तिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीनं केबल खिळ्याला टांगलीय. म्हणते, साप आणून दिलास घरात.

शिकवणी मात्र मन लावून ऐकली. तिला म्हटलं, डबा म्हणजे स्वयंपाकघर समज. प्रोसेसर ही स्वयंपाकीण, सगळं रांधायचं तिनं. रॅम म्हणजे ओटा. जेवढा मोठा, तेवढा पसारा एका वेळी मांडता येतो. हार्ड डिस्क म्हणजे कपाट, साठवणीचं. वीज गेली की ओटा पुसला जातो, कपाटातलं राहतं. आणि त्या कपाटात एक चकती गरगर फिरत असते, धक्का लागला की ओरखडा पडतो आणि आयुष्यभराची साठवण मातीत.

'मग पुस्तकातल्या चित्रात हा पंखा कशाला?'

'स्वयंपाकीण तापते.'

'तापणारच,' धाकटी म्हणाली. 'एकटी एवढ्यांचं करते. कुणी विचारलं असेल का तिला, तू जेवलीस का म्हणून?'

पुस्तकात याचं उत्तर नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आली नाही. मी खाली रस्त्यावर पोचते तोच डोक्यावर टोपली येऊन थांबली. टोपलीत केबल. वरून आवाज — 'मला हजर धर गं ताई!'

वर्गात केबल बघून सगळे हरखले. मला घाम फुटला. आता जोडतील, सुरू होईल, आणि धाकटीची गरज संपली! पण टायपिस्टांनी हात वर केला. कोर्टात म्हणे मुद्देमाल आला आणि साक्षीदार नाही आला तर सुनावणी पुढे ढकलतात. भाग आणि माणूस दोघं हजर असतील तरच भाग हजर धरायचा. मतं घेतली. सगळ्यांची एकच. त्या टायपिस्टांना मी आजवर खडूस म्हणत आले. परत म्हणणार नाही.

केबल परत टोपलीतून वर गेली. बंद मशीनवरच वर्ग झाला. नर्सबाईंनी माउसचं पोट उघडून आतली गोळी काढली होती, धुऊन पुसून परत बसवली. आतल्या चाकांवर कचऱ्याचे वेटोळे होते म्हणाल्या, किती दिवस सहन केलं असेल बिचाऱ्यानं. घरी त्याला फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटी नाही. टोपलीसुद्धा नाही. रुसलीय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ही माणसं हाताबाहेर चालली आहेत!

कंडक्टरांची बायको मला रस्त्यात अडवून म्हणाली, तुमच्या वर्गानं माझं घर बुडवलं. कंडक्टर रोज संध्याकाळी काळ्या पडद्यासमोर खुर्ची टाकून बसतात आणि तिला म्हणतात, आज विशेष काही नाही.

टायपिस्टांनी कंडक्टरांविरुद्ध लांबलचक तक्रार टाइप केली. नुसत्या कीबोर्डवर. त्यांना समजावलं, अहो, कीबोर्ड म्हणजे नुसतं तोंड, ऐकणारा डबा. डबा जोडलेला नाही, म्हणजे शब्द कुठंच गेले नाहीत. ते म्हणाले, 'माझं सांगून झालंय, बाई. ऐकणं हे दुसऱ्या खात्याचं काम.'

गवंड्याचं त्याहून भारी. त्यानं डबा उघडून पाहिला आणि कामाला नावं ठेवली. वायरी लोंबतात, एक भिंत सरळ नाही, आणि मागच्या बाजूला ही एवढी भोकं उघडी टाकलीत! सिमेंट कालवून बसला होता. मी वेळेवर पोचले म्हणून. एकेक भोक दाखवलं — हे पडद्याचं दार, हे कीबोर्डचं, हे माउसचं, हे धाकटीचं. ज्याला त्याला आपल्या दारातूनच आत जाता येतं, दुसऱ्याच्या दारात बसत नाही. त्यानं त्या शेवटच्या दारावर बोट ठेवलं. मग म्हणाला, 'एवढंच उघडं राहिलंय होय.'

सिमेंट वाया जाऊ नये म्हणून माझा उंबरा दुरुस्त करून गेला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुतण्या पुढच्या गुरुवारी येतोय. तिकिटं काढली, दोन. धाकटी म्हणाली, नेऊ दे. तिथंही चार भिंतीच. घरी आले आणि भांडी घासली. घासलेलीच होती.

वर्गात सांगायचं नव्हतं, पण तोंडावर दिसलं असावं. सगळं बाहेर पडलं. गवंडी म्हणाला, त्या येत नाहीत ना, मग आपण जाऊ. सोमवारी वर्ग त्यांच्या घरी.

मी म्हटलं, वर जाऊन काय उपयोग? तिला खाली आणायचंय. तर नर्सबाई म्हणाल्या, पेशंट येत नसेल तर आपण जायचं, पुढचं पुढे. बरं म्हटलं. बुडत्याला काडी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

विसरायच्या आत लिहून काढते.

चौघं आमच्या इमारतीच्या दारात आले. कंडक्टर पडदा पोटाशी धरून, चादरीत. टायपिस्ट कीबोर्ड काखेत. नर्सबाई माउस पर्समध्ये, पर्स थोडी उघडी, हवेला. गवंड्यानं जिना पाहिला आणि मान हलवली. वळण अरुंद, डबा इथून जाणार नाही. खरं तर तो डबा पोत्याएवढाही नाही, लहान मूलसुद्धा नेईल! पण जन्मभर ज्यानं सगळं कप्पीनं वर चढवलं, तो हातात धरून जिना कसा चढेल? आमच्या गॅलरीच्या वरच्या कडीला त्यानं कप्पी बांधली. दोर ओवला. डब्याला दोन फेरे, वर एक गाठ. रस्त्यावर बघे जमले. कंडक्टरांनी त्यांना रांगेत उभं केलं.

डबा वर जायला लागला. पहिल्या मजल्यापर्यंत ठीक. तिथं वारा लागला की काय, गिरक्या घ्यायला लागला. भिंतीकडे झुलला, आपटता आपटता राहिला. खालून सगळे एकाच वेळी गवंड्याला शिकवायला लागले. 'ढील दे', 'ओढ', 'डावीकडं', कुणाचं कुणाला कळेना.

धाकटी वर गॅलरीत. कठड्यावरून अर्धी बाहेर. ती ओरडत होती, 'अहो, आत चकती आहे! धक्का नको, चकती आहे आत!' पण या गोंगाटात तिचं कोण ऐकतंय. मी खालून हात हलवते, तर तिला वाटलं मी टाटा करतेय. आणि डबा परत झुलला.

ती गॅलरीतून दिसेनाशी झाली.

मला वाटलं, डोळे मिटून आत बसली. तोवर ती माझ्या शेजारी उभी! एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात दिरांची. पदर खोचलेला. म्हणाली, 'अहो मिस्त्री, डब्याला खालून एक दोर बांधतात, खालच्या माणसानं धरायला. इतकी वर्षं काय केलंत?' गवंड्यानं गुमान डबा खाली घेतला. धाकटीनं तो दोन्ही हातांनी झेलला, बाळ घेतात तसा, आणि कानाला लावला. 'काही वाजत नाही,' म्हणाली.

मग तिच्या लक्षात आलं, आपण कुठं उभ्या आहोत. पायांकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं.

कंडक्टर हळूच म्हणाले, 'चला, पुढे सरका.'

आणि आम्ही सरकलो. रस्ता ओलांडून, सगळे, थेट वाचनालयाच्या मागच्या खोलीत. अर्ध्या वाटेत धाकटी थबकली. केबल वरच राहिली! मी म्हटलं, मी आणते. 'भाग माझा आहे,' म्हणाली, आणि एकटी गेली. एकटी वर चढली, आणि एकटी परत उतरली. मी कोपऱ्यावर उभी राहून बघत होते. देवाशपथ, एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

केबल लावली. पंखा फिरला. डबा घुमला. पडदा आधी काळा, मग निळा. कंडक्टर म्हणाले, 'आज विशेष आहे.' त्यांच्या डोळ्यांत पाणी. टायपिस्टांनी एक बटण दाबलं, पडद्यावर 'क' उमटला. मग म्हणाले, 'ऐकलं यानं.'

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पुतण्या आला तो घराला कुलूप! घाबरून वाचनालयात धावत आला, आई कुठं गेली विचारायला. आई पहिल्या बाकावर. नर्सबाईंना माउस सरळ धरायला शिकवत होती. मुलाला म्हणाली, 'बस मागं. मध्ये बोलायचं नाही. तू रोज यावर बसतोस ना? सांग बघू, वीज गेली की ओटा राहतो का कपाट?'

एवढा मोठा साहेब, पण त्याला ओटा कळेना. सगळा वर्ग हसला.

परतताना मला बाजूला घेऊन म्हणाला, 'काकू, हे कसं केलंत?' मी म्हटलं, मी काही नाही केलं, केबलीनं केलं. म्हणाला, आता तिला कशाला नेऊ, इथंच बरी आहे. सोमवारचं तिचं तिकीट रद्द करतो.

पोटभर जेवले. किती दिवसांनी.

१ मार्च, शनिवार

उंबरा छान झालाय. धाकटी आली होती. बसली, उठली, परत बसली. काहीतरी बोलायचं होतं. भाजीच्या भावावर बोलून गेली.

३ मार्च, सोमवार

धाकटी गेली. कुणी नेली नाही — आपण होऊन, सकाळच्या गाडीनं, स्वतःची पिशवी स्वतः धरून. पुतण्यालाच पुन्हा तिकिटासाठी धावायला लावलं. मला म्हणाली, 'मला नेऊन ठेवलेली आई व्हायचं नव्हतं, ताई. आता उतरता येतं. म्हणजे तिथूनही निघता येईल.' केबल पिशवीत घातली. तिचा भाग आहे, मी काय बोलणार.

वर्ग भरला. पडदा, कीबोर्ड, माउस, डबा, सगळे हजर. अंधाऱ्या पडद्यासमोर बसलो. कंडक्टर खालच्या आवाजात म्हणाले, 'तशी ही केबल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते, बाई.'

'कधीपासून माहीत आहे?'

'पहिल्या दिवसापासून. सगळ्यांनाच.'

कुणी उठलं नाही.