सीटवरची गोधडी

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. गाडी धूर सोडून राहिली म्हणून आज गॅरेजात नेली. बारा वर्षं मीच चालवली ती. दुकानासाठी कळमन्याच्या बाजारातून संत्रे मीच भरून आणते. यांले तर स्टेअरिंगही धरता येत नाही. तरी मिस्त्री यांलेच सांगून राहिला, "भाऊ, इंजिनचं काम केलं तर अजून चार वर्षं चालते." मी काय तिथं पाहुणी होती?

त्यात आमचा पोरगा म्हणे, "काहून खर्च करता बाबा? नवीच घेऊ." अन् सीटवरची माझी गोधडी काढून मागं फेकली. मी बुटकी. गोधडीशिवाय मले रस्ता दिसत नाही.

"नवीत गोधडी लागत नाही वं आई. सीटच वर होते."

"मग बरंच आहे मले."

"तू नको चालवू. घासून आणशील. मी सोडत जाईन तुले."

यांनीही मान डोलावली.

सोडत जाईन म्हणे. पहाटे पाचले उठतो का हा? माझा एक ओरखडा नाही गाडीवर. दाराचा पोचा त्याचाच आहे.

मी गोधडी उचलली, झटकली अन् मिस्त्र्याले सांगितलं, "इंजिन खोल."

आठ दिवस ऑटोनं संत्रे आणावे लागतील. आणीन. गोधडी धुवून वाळत घातली आहे.