स्वावलंबी सीतेची वेणी

१२ मार्च
सासऱ्यांच्या अंगणातला फणस तोडला. रस्ता रुंद होतोय. सासरे बुधाजी, त्यांनी फणसाची एक फांदी टेम्पोवाल्याबरोबर इथे घोडपदेवला पाठवली. फांदीवर सीतेची वेणी, म्हणजे आपलं ऑर्किड. माझ्या बायकोच्या, दर्शनाच्या आईने लावलेलं. एक वाळकी शेंगही आहे. दर्शना फांदी मांडीवर घेऊन जिन्यातच बसून राहिली. आईचं आता एवढंच उरलं, म्हणाली. मला फार वाईट वाटलं. ताबडतोब जाहीर केलं : आजपासून हे झाड माझ्याकडे. तू हात लावायचा नाहीस. सहा महिन्यांत चाळीत प्रत्येक दाराला एक सीतेची वेणी. रिटायर झाल्यापासून असं काही हाती येण्याची वाटच बघत होतो.

१३ मार्च, सकाळी ९
तपासणी केली. सालीखाली पांढरी बुरशी! मुळांनाही चिकटलेली. सासरची वस्तू म्हणून गप्प बसणार नाही. झाड सोडवलं, मुळं जुन्या टूथब्रशने घासली, हळद-तुरटीच्या पाण्याने आंघोळ घातली आणि पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर बांधलं. एकदम स्वच्छ. दर्शना म्हणाली, बाबा ती फांदी कधी धूत नव्हते. म्हणूनच ही अवस्था, असं मी समजावलं.

सकाळी ११
शेंग उघडली. बी टाल्कम पावडरहून बारीक. शिंक आली. अर्धं बी गॅलरीभर, दारातल्या त्या घाणेरड्या फांदीवरसुद्धा. हरकत नाही. उरलेलं अर्धं म्हणजे हजारोंच्या घरात असेल. फांदी कचऱ्यात टाक म्हणून दर्शनाला दोनदा सांगितलं.

१४ मार्च
कोकोपीट कुकरमध्ये घालून आठ शिट्ट्या काढल्या. एकही जंतू शिल्लक नाही. थंड करून आइस्क्रीमच्या सहा डब्यांत भरलं, बी पेरलं, झाकणं लावली. कुकर अडकल्यामुळे भात टोपात झाला आणि खाली लागला. दर्शनाचं नियोजन कमी पडतं.

२ एप्रिल
शेजारच्या कौसल्याबाईंचा राजरत्न आला होता. परळच्या कॉलेजात बॉटनी शिकवतो. डबे बघून म्हणाला, काका, या बियांमध्ये शिदोरीच नसते. बुरशी आत शिरते आणि त्यांना भरवते, तेव्हा कुठे रुजतात. तुम्ही बुरशीच मारलीत, बी आता उपाशी मरणार. मी म्हटलं, आईबापाने एक दाणा बांधून दिलेला नाही आणि दुसऱ्याच्या जिवावर वाढायचं? हे मला पटत नाही. त्याला स्वावलंबनावर पंधरा मिनिटं सांगितलं. दरम्यान दर्शनाने चहा आणला, बिस्किटं आणली, माझी बीपीची गोळी आणली, आणि मी शोधत असलेला चष्मा माझ्या कपाळावरून खाली ओढला. मग एकदम हसायला लागली. राजरत्नही. कारण कळलं नाही.

१९ मे
डब्यांत काही नाही. म्हणजे आत तयारी चालू असणार. पाइपवरच्या झाडाची पानं सुरकुतलीत. विश्रांती घेतंय.

२४ जून
दर्शना चार दिवस गावी. सोप्पं आहे सगळं. बायका उगाच बाऊ करतात.

२६ जून
कौसल्याबाईंनी भाकरी आणि सुकट दिली. आग्रहच फार केला. (मी त्यांच्या दारात उभा होतो, हे खरं.)

८ ऑगस्ट
बुधाजींचा फोन. दसऱ्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आपल्याकडे येणार. पट्टी निघाली की पहिल्यांदा बायकोचं झाड बघायचंय म्हणाले. मी म्हटलं, झाड काय, बाग दाखवतो. पाइपवर आता दोनच पानं आहेत, त्यातलं एक पिवळं.

३० ऑगस्ट
सहाही डबे उघडले. कोकोपीट अत्यंत स्वच्छ आहे. बाकी काही नाही. रात्री जेवण गेलं नाही. फक्त तीन चपात्या.

१ सप्टेंबर
पाइप रिकामा! झाड चोरीला. चाळ कमिटीकडे तक्रार करणार होतो, दर्शना म्हणाली राहू दे. मनातून सुटल्यासारखं वाटलं. चोरावर ढकलता येईल.

५ ऑक्टोबर
काल पट्टी निघाली. आज बुधाजींनी झाड विचारलं. मी चोराची गोष्ट सुरू केली तोवर दर्शना त्यांना हाताला धरून कौसल्याबाईंच्या खिडकीकडे घेऊन गेली. तिथे नळाच्या वर तीच फणसाची फांदी टांगलेली. बुरशीसकट! झाड तिच्यावर बांधलेलं, नवी मुळं सालीला धरून. आणि सालीच्या खाचेत हिरवे ठिपके, मोहरीएवढे. राजरत्नने भिंग लावून मोजले. अकरा. रुजलेलं बी आहे, म्हणाला.

बी म्हणजे माझ्या शिंकेतलं. हे मी लगेच सर्वांच्या लक्षात आणून दिलं.

बुधाजी नाक लावून बघत होते. डोळ्यांतून पाणी. ऑपरेशनचं असेल. जावयांनी केलंनी? त्यांनी विचारलं. दर्शना म्हणाली, हो, यांच्याच हातचं.

संध्याकाळी कौसल्याबाईंकडून कळलं. मार्चपासून, गावी गेलेले चार दिवस सोडले तर, दररोज पहाटे साडेपाचला, माझ्या चहाच्या आधी, दर्शना तांदूळ धुतलेलं पाणी फांदीवर शिंपडते. मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही धुतली असती.

लाज वाटली. इथे लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाहीये.

६ ऑक्टोबर, पहाटे ५.१०
निश्चय. आजपासून पाणी मी शिंपडणार आणि दर्शना उठायच्या आत तिला चहा करून देणार. स्वतःच्या हाताने. कोणाचीही मदत न घेता.

५.२०
साखर सापडत नाही. दर्शनाला उठवलं.