उंब्रजच्या बहिणीची सही

४ जाने., रविवार
फौजेतून घरी येऊन आठ महिने झाले, अजून आम्ही नवराबायको साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत. आज संपतनं तीन घरं दाखवली. माझ्याच पलटणीतला, आता एजंट. "साहेब, तुमी फकस्त बघा. बाकी माझ्यावर सोडा." एकीकडं जिना इतका अरुंद, कपाट वर जाणार कसं विचारलं तर म्हणतो नवीन घ्या. डोकं उठलं.

९ जाने., शुक्रवार
चौथं घर रेखाला आवडलं. बैठं, मागं अंगण. ओट्यापाशी उभी राहून खिडकीतून बघतच राहिली. मालक दोघे भाऊ. धाकटा म्हणाला, "म्हैनाअखेर विसाराचं पैसं द्या, दुसरं गिऱ्हाईक हाय." कागद मागितले तर संपत, "क्लिअर हायत. माझ्यावर विश्वास न्हाई व्हय?"

१२ जाने., सोमवार
थोरला भाऊ बोलता बोलता सांगून गेला, संपतची दलाली त्यांच्याकडूनही ठरलीय. संपतला विचारलं. "समदेच दोन्हीकडनं घेत्यात." मग तू कुणाचा माणूस? त्याला सांगितलं, पुढचं मी बघतो. एका बराकीत सहा वर्षं... जाऊ दे.

१५ जाने.
याच घराचे कागद बघायला आणखी दोन एजंट गाठले. एकाला मला काय हवंय ते ऐकायला वेळ नाही. दुसऱ्याला एजंटची सरकारी नोंदणी विचारली, तेव्हापासून फोन उचलत नाही. रेखा वैतागली. "घर मिळालंय. तुम्ही माणूस शोधत बसा."

१९ जाने., सोमवार
उपाध्ये बाई. मूळच्या सांगलीच्या. रेराची नोंदणी न मागता दाखवली. आधी विचारलं, घरात कोण कोण, गुडघे कुणाचे दुखतात. म्हणाल्या, "पैसे फक्त तुमच्याकडून घेईन. नको म्हणायची वेळ आली तर नको म्हणेन, तेव्हा चिडू नका." कबूल केलं.

२७ जाने., मंगळवार
ती वेळ आलीच. घर मालकांच्या वारलेल्या वडिलांच्या नावचं. दोघा भावांना एक बहीण, उंब्रजला दिलेली. वाटा तिचाही, पण तिची सही कुठंच नाही. भाऊ म्हणतात, "ती आमच्या शब्दाबाहेर न्हाई." बाई स्वतः उंब्रजला जाऊन आल्या. बहीण एवढंच म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई." तिच्या सहीशिवाय विसार देऊ नका, बाईंचं म्हणणं. मी चिडलोच. बाईंवर. रेखाला सांगितलं तर ती उठून आत गेली.

२९ जाने., गुरुवार
रेखा आज भाकरी थापता थापता म्हणाली, "मीपण केली होती सही. दादानं कागद पुढं केला, मी केली. माहेरच्या घरातला माझा वाटा सोडला. मला तरी कुणी विचारलं होतं?"
लग्नाला चोवीस वर्षं झाली. मला माहीत नव्हतं. कधी, ते विचारलं. म्हणाली, तुम्ही तेव्हा लेहला होता.

३० जाने., शुक्रवार
धाकट्याचा फोन. उद्या संध्याकाळपर्यंत विसार, न्हाईतर दुसऱ्याला. कळवतो म्हटलं.
रेखा म्हणते, आधी उंब्रजला जाऊ. "सही मागायला?" मी विचारलं. "नाही. तिला काय पाहिजे ते ऐकायला."
उपाध्ये बाईंना कळवलं. म्हणाल्या, तुम्ही दोघंच जा, मी मध्ये नको. सकाळी आठची एसटी. बहिणीनं नाही म्हटलं तर काय, हे मी रेखाला विचारलेलं नाही.