कास्तेलग्रुमोत अडकलेलं सायकल मंडळ

कास्तेलग्रुमो, बुधवार, दुपारचं जेवण आटोपल्यावर (म्हणजे दिवेलागणीला)

माझ्या आद्दोलोराता मावशीस,

दोन्ही गालांवर एकेक मुका, आणि अजून रागावलेली असशील तर हातावर तिसरा. गुडघा कसा आहे? मीठ गरम करून शेकतेस ना, की शेजारणीने सुचवलं म्हणून मुद्दाम शेकत नाहीस? कोंबड्या अंडी घालतायत का? मी धडधाकट आहे. पोटाची काळजी करू नकोस, उलट पोटानेच आता माझी काळजी करायची वेळ आली आहे. फोन केला असता, पण फोन तुझ्या खालच्या न्हाव्याच्या दुकानात, आणि त्याच्या कानात पडलेली गोष्ट जिना चढून तुझ्याकडे येण्याआधी बार्लेत्ताच्या बंदरावर पोचते. म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस. शाळेत मी खिडकीजवळ बसायचो.

निघताना तू म्हणाली होतीस की ज्याला गल्लीच्या टोकावरून पाव आणायला धाडलं तर तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून परततो, तो सायकलवरून रेज्जोला काय पोचणार. तर नाही पोचलो. पण दोष एकट्या माझा नाही. मंडळात आम्ही चौघे. पुढारी डॉन काताल्दो, रेल्वेतले निवृत्त गार्ड. ते अजून शिट्टी वाजवल्याशिवाय कुठूनही निघत नाहीत, मुतारीतूनसुद्धा नाही. मग साविनो आणि पास्क्वाले हे बेकरीवाले जुळे भाऊ. त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे (भट्टी कुणी विझू दिली यावरून), त्यामुळे त्यांच्या मधोमध मी. 'याला सांग, चाकात हवा कमी आहे.' 'त्याला सांग, डोक्यात जास्त झाली आहे.' असे बार्लेत्तापासून मातेरापर्यंतचे सगळे निरोप मी पोचवले. चढावरही. धाप लागली तरी निरोप थांबवायचा नाही, नाहीतर दोघे मिळून माझ्यावर रुसतात, आणि तेवढ्यापुरती त्यांची एकी होते.

मातेरापर्यंत ठीक होतं. पुढे लुकानियाच्या डोंगरांत मात्र प्रत्येक गाव डोंगराच्या टाळूवर बसलेलं. समोर दिसतं, हात लांबवला तर घंटा वाजवता येईल असं वाटतं, आणि रस्ता आधी तुला खोल दरीत नेऊन सोडतो. अशाच एका वळणावर तुतीचं झाड होतं. डॉन काताल्दोंनी उजवीकडची शिट्टी दिली, आणि मी डावीकडे गेलो. काळ्या तुती, मावशी, लाल नव्हे. अंगठ्याएवढ्या. तू असतीस तर तूही डावीकडेच गेली असतीस. मंडळाचा नियम असा की एकत्र निघालो तर एकत्रच पोचायचं, म्हणून ते तिघेही मागून शिव्या देत आले, आणि तुती बघून गप्प झाले. पण तो डावीकडचा रस्ता सरळ उतरत होता. माझ्या ब्रेकचं रबर तर गेल्या वर्षीच संपलेलं (हे तुला सांगितलं नव्हतं). थोडक्यात, मी कास्तेलग्रुमो गावात शिरलो तो मादालेनाकाकूंच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींतून, जांभळ्या हातांनी. पुढच्या चाकाची रिंग पार वाकडी झाली. चादरींचं काय झालं ते लिहीत नाही.

चादरींपलीकडे दोनाता उभी होती. काकूंची धाकटी मुलगी. थोरल्या बहिणीचा नवरा एजिदिओ याचा लोहारकामाचा गाळा अंगणालाच लागून आहे, आणि चाकं, कुलपं वगैरे बारीक कामं हीच करते. तिने आधी चादरीकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "बार्लेत्तात ब्रेक मिळत नाहीत, की तुम्हाला विकत नाहीत?" मावशी, मी त्याच क्षणी... पण आधी जेवणाचं सांगतो.

नवी रिंग पोतेन्झाहून बसने यायची आहे. ती येईपर्यंत आम्ही पाहुणे. रोज एक घर बोलावतं, आणि ज्या घराने अजून बोलावलं नाही ते कालच्या घराशी भांडतं. साविनोची कंबर पट्ट्याच्या शेवटच्या भोकाबाहेर गेली. पास्क्वालेने हे पाहून मला निरोप दिला, मी पोचवला नाही. दोनाता वाढताना माझ्या ताटात भाजलेली मिरची एक जास्त टाकते. डॉन काताल्दोंच्या मते हा योगायोग आहे. पण ते गार्ड होते, शेवटच्या डब्यातून त्यांना फक्त मागे गेलेलं स्टेशन दिसतं.

आता मुख्य गोष्ट. एजिदिओला पाच आठवड्यांपूर्वी मुलगी झाली. रविवारी बाप्तिस्मा. काल भर जेवणात तो पेला घेऊन उठला आणि त्याने मला बाळाचा धर्मपिता व्हायला विचारलं. परक्या वाटसरूला विचारलं तर बाळ पुढे खूप जग बघतं म्हणे. सान जोव्हान्नीच्या नात्याला, म्हणजे धर्मपिता व्हायला, नाही म्हणत नाहीत हे तूच शिकवलंस. नाही म्हणणाऱ्याच्या दारात कुत्रंसुद्धा बसत नाही. माझ्या तोंडात घास होता, मी मान हलवली. जुळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोनाता ताटं उचलून आत गेली, ती कॉफीलाही बाहेर आली नाही.

का, ते रात्री कळलं. आपल्याकडे हे नातं बाळाच्या आईबापापुरतं. कास्तेलग्रुमोत ते अख्ख्या घराला लागतं. एकदा बाळाला पाण्यावर धरलं की त्या घरच्या सगळ्या बाया तुझ्या सख्ख्या बहिणी, लग्नाचं नाव काढणं म्हणजे पाप. आणि एजिदिओने (किती भोळा माणूस, मावशी) गाळ्याच्या पायरीवर बसून मला कौतुकाने थोरल्या तीन मुलांचे धर्मपिते सांगितले. एक पोस्टमन, एक बँडमधला तुतारीवाला, एक तेलाचा व्यापारी. "तिघंही आधी दोनाताच्या मागे होते रे," तो म्हणाला, "आता बघ, घरचेच झाले. नाताळाला येतात, तिला ताई म्हणतात." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. लोहाराची.

तर अशी इकडची ख्यालीखुशाली. हवा छान आहे. डोंगर हिरवा आहे. काळजी करू नकोस, तुझी आठवण येते, विशेषतः कुणी ओरडत नाही तेव्हा.

तुझा रुज्जेरो

ता. क. मावशी, शनिवारच्या बसने ये. इथे म्हणतात, विचारलेल्याने हा मान आपल्या घरच्या वडीलधाऱ्याला दिला तर तो अपमान नव्हे, दुप्पट मान. तू धर्ममाता हो. काळा रेशमी झगा आण, आणि ज्या आवाजात कोळ्याला मासा परत करतेस तो आवाजही. मला त्या मुलीचा भाऊ व्हायचं नाही गं. आजवर मी कुठेच थांबलो नाही, आणि इथे रिंग येऊ नये म्हणून मेणबत्ती लावतोय.

ता. क. २. येऊ नकोस. मादालेनाकाकूंना सहज म्हणून विचारलं. तू धर्ममाता झालीस तर रक्ताचं माणूस म्हणून मलाही ते नातं लागतं. काकू हे सांगताना फार गोड हसल्या. आता एकच वाट उरते. त्या घरातल्याच कुणीतरी आमच्या मंडळातल्या ज्येष्ठाला, म्हणजे डॉन काताल्दोंना, विचारायचं. मग धाकट्याने आपोआप मागे सरायचं. पण घरातल्या कुणाला मी हे कोणत्या तोंडाने सुचवू? दोनाता तर कालपासून माझ्याशी बोललेली नाही. मिरचीही मोजून वाढते. पाकीट तिच्याच हाती पोस्टात धाडतोय, गावात टपालाची तिकिटंही तीच विकते.

ता. क. ३ (हे अक्षर दुसरं आहे, घाबरू नका). मावशींना दोनाताचा नमस्कार. पाकीट उघडंच होतं, मी वाचलं. त्या तिघांना धर्मपिता करायला भाऊजींना मीच लावलं होतं. तेलवाला तर स्वतःच्या बोलण्यात स्वतःच झोपायचा. या वेळी आईने लावलं, मला न विचारता. आता भाऊजींच्या समोर डॉन काताल्दोंना विचारून आले. ते लाजले आणि हो म्हणाले. तेव्हा तुम्ही शनिवारी याच. धर्ममाता म्हणून नको, मुलाकडचं मोठं माणूस म्हणून या. आईशी बोलणं अवघड आहे, आणि ते काम मी याच्यावर सोपवणार नाही.