हे मृत्युपत्र धाकटीने उभे राहून वाचावे

मी, तिसऱ्या मजल्यावरची काकू, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, देवाला स्मरून आणि चष्मा लावून हे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांचा दाखला मी मागितला नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर एव्हाना मी तो उलटवला असता.

१. माझ्यामागे महिन्याच्या आत हे मृत्युपत्र इमारतीच्या सभागृहात, निदान वीस माणसांसमोर, माझ्या धाकट्या मुलीने उभे राहून, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. तोवर पाकीट वकीलसाहेबांकडे बंद राहील. तिने शेवटपर्यंत वाचले तर हे राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिचे. मध्येच खाली बसली किंवा कागद भावाच्या हाती दिला, तर घर थोरल्याचे.

(धाकटे, इथे घोटभर पाणी पी. लोक थांबतील. घर कोणाला मिळतंय ते कळेपर्यंत कोणी जागचे हलत नसते.)

वकीलसाहेबांनी इथे हरकत घेतली. "काकू, मृत्युपत्रात 'पाणी पी' वगैरे लिहीत नाहीत हो."

"साहेब, तिच्या घशाला कोरड पडली तर पुढची कलमं तुम्ही वाचणार का?"

"लिहा," म्हणाले.

२. अट का घातली, ते. धाकटी बेचाळीस वर्षांची आहे आणि इस्पितळाच्या औषधभांडारात काम करते. कुठल्या फळीवर कोणती बाटली आहे ते डोळे मिटून सांगेल, पण चारचौघांत तिचा आवाज चपलांच्या खाली जातो. थोरला विमा विकतो. तो मुडद्यालाही पॉलिसी विकेल. भांडारप्रमुखाच्या जागेसाठी धाकटीची मुलाखत होती तेव्हा हा सोबत म्हणून गेला, "ती जरा बुजरी आहे, मी सांगतो ना" करत आत शिरला आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरे यानेच ठोकली. मुलाखत घेणारे साहेब इतके खूश झाले की नोकरी त्यालाच देऊ केली!

घरी येऊन म्हणतो, "आई, काय फक्कड झाली गं मुलाखत!"

त्यावर धाकटी काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, ते तिच्या शेजारी बसूनही मला ऐकू आले नाही.

३. बोलण्यात काय ताकद असते ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले. इमारतीच्या सेक्रेटरीसाहेबांनी गच्चीला कुलूप घातले होते, कारण वर त्यांच्या गुलाबाच्या कुंड्या होत्या. आम्ही बायका दोन वर्षे जिन्यात कुजबुजत होतो. कुलपावर त्याचा ओरखडाही उठला नाही. शेवटी मी ठरवले, वार्षिक सभेत बोलायचे. सात दिवस पहाटे देवापुढे सराव केला. देवासारखा श्रोता नाही. जांभई देत नाही, घड्याळ बघत नाही, "वहिनी, थोडक्यात" म्हणत नाही.

भाषण मी इस्त्रीच्या कपड्यांच्या वहीत, मागच्या बाजूला लिहिले होते. नवी वही कशाला फुकट घालवा? सभेत उभी राहिले, वही उघडली ती नेमकी पुढच्या बाजूने, आणि खणखणीत सुरुवात केली:

"चादरी चार! अभ्रे सहा! ह्यांचे शर्ट पाच, पैकी एक बिनबटणाचा!"

तिसऱ्या रांगेत हे बसले होते, त्यांनी दचकून स्वतःची छाती चाचपली. 'टॉवेल तीन'पाशी चूक माझ्या ध्यानात आली. पण थांबले असते तर तिथेच मेले असते, म्हणून आवाज आणखी चढवला. यादी संपवली आणि विचारले, "सेक्रेटरीसाहेब, हे सगळं मी कुठे वाळत घालू? तुमच्या गुलाबांवर?"

जो हशा उसळला म्हणता! मागून चौथ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई ओरडल्या, "आमच्याही चादरी लिहून घ्या!" सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, हा विषय पत्रिकेवर नाही." मी म्हटले, "म्हणून तर उभी राहिले." संध्याकाळी किल्ली माझ्या हातात होती. मी जिना चढले नाही, तरंगत वर गेले.

तेव्हापासून माइक दिसला की मला गुदगुल्या होतात. जिन्यातली कुजबुज जिन्यातच विरते. तीच गोष्ट उभे राहून सांगितली की ती सगळ्यांची होते. पदरमोड काही नाही, लागतो फक्त श्वास, आणि तो देवाने फुकट दिलेला आहे.

४. बाकीची वाटणी. थोरल्याला भिंतीवरचे घड्याळ. ते त्याने समोर टांगावे आणि बोलताना बघावे. (थोरल्या, तोंड उघडलेस ना? मीट. माझा जीव तुझ्यावरही आहे, पण आत्ता पाळी तिची आहे.) सेक्रेटरीसाहेबांवरचा राग मी सोडला आहे, त्यांना माझी मोठी कात्री, गुलाबांसाठी. पोस्टातल्या बचतीतून सभागृहाला एक माइक आणि बुटक्या बायकांना चढायला एक लाकडी पायरी घ्यावी. माइक मध्यम किमतीचा बघावा, महागातून काही वेगळे शब्द निघत नाहीत. उरलेली बचत दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी.

५. धाकटी सहा वर्षांची असताना पाहुण्यांपुढे उभी राहून गोष्ट सांगत होती, हातवारे करून, सिंहाचा आवाज काढून. मी तिला चिमटा काढला. "हळू बोल. लोक काय म्हणतील?" लोक काहीच म्हणत नव्हते, ऐकत होते. सिंह तेव्हा जो गप्प झाला तो झालाच.

मृत्युपत्रात आधीची मृत्युपत्रे रद्द करायची असतात. माझे हे पहिलेच. म्हणून त्याऐवजी, मी तिला आजवर केलेल्या "हळू बोल", "पुरे आता", "मोठी माणसं बोलतायत ना" या सर्व सूचना या लेखाने कायमच्या रद्द करते. त्यांच्या आधारे यापुढे कोणीही, ती स्वतःसुद्धा, तिला गप्प बसवू नये.

धाकटे, आता फक्त सह्या, ठिकाण आणि तारीख उरली. तीही वाच, नाहीतर थोरला कायदा काढेल. तारीख वाचून झाली की घर तुझे. ती सगळ्यात मोठ्याने वाच.

लिहून देणार: तिसऱ्या मजल्यावरची काकू (सही)

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे डॉक्टर (सही). काकूंनी आमच्यासमोर सर्व मजकूर वाचून दाखवला व सही केली. दवाखान्यातल्या रुग्णांनाही तो ऐकू गेला.
२. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही). शुद्धलेखन तपासले. उच्चार स्पष्ट.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल

दिनांक: चार फेब्रुवारी, दोन हजार सव्वीस, बुधवार!