टीव्हीवरची आपली कोंबडी

आई, तो माणूस काल टीव्हीवर दिसला. मुंबईच्या मोठ्या हॉटेलातला आचारी, इतवारीतल्या आपल्या घरच्या खानावळीत सलग चार दिवस जेवायला आलेला. आता केस पांढरे झालेत, डोक्यावर उंच टोपी आहे. समोरची बाई कौतुकानं विचारत होती, ही नागपुरी कोंबडी तुम्हाला सुचली कशी? तो म्हणाला, बरेच प्रयोग केले. मी टीव्ही बंद केला. त्यानं केलेला एकच प्रयोग मला ठाऊक आहे, तुझ्या चुलीपाशी पाट ओढून बसण्याचा.

ती दुपार मला लख्ख दिसते. तू जवसाच्या तेलात वाटण परततेस, मसाल्याची मूठ पातेल्यावर नेतेस आणि तो म्हणतो, थांबा बाई. मूठ वाटीत सोडायला लावतो, चमच्यानं मोजतो, वहीत लिहितो, मगच म्हणतो, आता टाका. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, भाजलेलं ज्वारीचं पीठ, सगळं असंच. मीठसुद्धा. मी दारातून डोळ्यांनी खुणावत होते, पुरे कर. तू उलट तर्री वर यायला आच केव्हा कमी करायची तेही सांगितलंस आणि जाताना त्याला मसाल्याचा डबा भरून दिलास.

वर्षभरात त्याचं पुस्तक आलं. त्यात एका पानावर आपली कोंबडी. वर त्याचं नाव, खाली बारीक अक्षरांत 'नागपुरातल्या एका घरी चाखलेली'. एका घरी. जणू त्या घरात बाईच नव्हती, कोंबडी आपोआप शिजली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. ते पुस्तक तुझ्यापुढे आपटलं. तू भाकरी थापत होतीस, हातही थांबवला नाहीस.

"त्यानं इचारलं, म्या सांगतलं. तू कधी इचारलं का वं? चुलीपाशी बोलावलं का, तुले अभ्यास असे."

चोराला काही नाही आणि बोलणी मला. तो राग अजून गेलेला नाही. त्यानंतर तू पाच वर्षं होतीस. त्या पाच वर्षांत मी हट्टानं एकदाही विचारलं नाही.

आज सकाळी त्याला खरमरीत पत्र लिहायला बसले. पाकीटही आणलं होतं. प्रकाशकाचा पत्ता हवा म्हणून पुस्तक काढलं, तर ते आपोआप त्याच पानावर उघडलं. पान हळदीनं पिवळं, तेलानं आरपार दिसण्याइतकं पातळ झालंय. त्याला लिहायचं राहिलं आणि हे तुला लिहीत बसले. महिन्यातून एकदा तरी मी त्याचे चमचे मोजून कोंबडी करते, आई. मुलं बोटं चाटत विचारतात, आजीची अशीच असायची ना? मी हो म्हणते. पुस्तक असतं डाळीच्या डब्यांमागे. त्यांना ते अजून दाखवलेलं नाही.