शेवंतीला काही ऐकू येत नाही

३ सप्टेंबर
गाणं तयार झालं. साडेचार मिनिटं. याला डब रेगे म्हणतात. माझी नात संघमित्रा अंधेरीला स्टुडिओत कामाला आहे, तिच्या लॅपटॉपवर शिकले. चौथी पास बाईला जमतं, म्हणजे या लोकांना पगार उगाच देतात. गाणं घ्यायचं, शब्द काढून टाकायचे, खाली जाडजूड बेस ठेवायचा, वरून थोडी फोडणी. फोडणीला माझा खलबत्ता. एकदा ठोकला की इको पाच वेळा वाजवतो, काटकसरीचं काम. मोठे हेडफोन घालून ऐकलं. छातीत धडधडलं. आधी वाटलं बीपीची गोळी राहिली.
अख्ख्या पंतनगरात डब करणारी मीच असणार.

४ सप्टेंबर, दुपारी ४
विहाराच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. संघमित्रा म्हणाली, आजी, हेडफोन लावून ऐका असं लिही, फोनमधून बेस येत नाही. लिहिलं नाही. बायकांकडे हेडफोन नाहीत हे तिला माहीत आहे. म्हणजे कुणी ऐकूच नये हा डाव. स्वतःच्या नोकरीची भीती वाटली असेल.

४.०१
नंदाचं उत्तर. जय भीम ताई, पूर्ण ऐकलं, खूप छान. साडेचार मिनिटांचं गाणं एका मिनिटात. पहिल्यापासून चटपटीत बाई.

६.३०
मीरा लिहिते, ताई, तुमचा आवाज अजून तसाच गोड. मी त्यात गायलेलेच नाही. पण मनात गुणगुणत होते, ते उतरलं असेल. एकतीस जणींनी बघून उत्तर दिलं नाही. नावं मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत.

५ सप्टेंबर
शेवंती चारला आली. खालच्या मजल्यावर राहते. एकवीस वर्षं चारचा चहा माझा, खारी तिची. तिने फोन कानाला लावून तीन वेळा ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाली, अगं, यात काहीच नाही. मधूनमधून पाल चुकचुकते तेवढंच. मी म्हटलं, कान तपासून घे. ती म्हणाली, कान धड आहेत, तुझी सून तुझ्याबद्दल फोनवर काय बोलते ते खालपर्यंत ऐकू येतं.
मी म्हटलं, उद्यापासून चहा तुझ्या घरी पी. गेली. दोन खाऱ्या उरल्या होत्या त्यापण घेऊन गेली.
जळते, दुसरं काय.

६ सप्टेंबर
ठराव: शेवंतीशी वर्षभर बोलायचं नाही. चारला बेल वाजली तरी दार उघडायचं नाही.

४.००
वाजली नाही.

४.२०
बेल बिघडली असेल म्हणून बाहेर जाऊन दाबली. चालते. सुनेने विचारलं, कोण आलंय. म्हटलं, मीच.

९ सप्टेंबर
खारी बंद झाल्यापासून पित्त कमी. आजही चहा दोन कप झाला. हाताला मापाची सवय आहे, तिची आठवण वगैरे नाही. दोन्ही मीच प्याले. पित्त झालं.

१२ सप्टेंबर
विहाराबाहेर नंदा भेटली. सहज विचारलं, खलबत्ता सुरुवातीला बरा वाटतो का शेवटी. म्हणाली, कसला खलबत्ता. मग म्हणाली, हां हां, सगळीकडेच छान. मीराला विचारलं, गाणं कोणत्या शब्दाने सुरू होतं. म्हणाली, बुद्धाच्या नावाने, ताई.
गाण्यात एक शब्द नाही. दोघींची नावं मागच्या पानावर.

१३ सप्टेंबर
हेडफोन संघमित्रा कामावर घेऊन गेली. पहिल्यांदाच नुसत्या फोनवर लावलं. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक टिक टिक टिक टिक. कानाला चिकटवून ऐकलं.
पाल.
संघमित्राने सांगितलं होतं. पण नीट सांगितलं नव्हतं.

१४ सप्टेंबर
हेडफोन घेऊन चारला शेवंतीकडे गेले. माफी मागायला नाही, तिचे कान तपासायला. तिने पदर मागे सारून घातले. साडेचार मिनिटं कानावरून काढले नाहीत. मध्ये एकदा दार कोण ठोकतंय म्हणून उठायला गेली, तो बेस होता. काढून ठेवले आणि म्हणाली, आता येतंय. धडधड चांगली आहे. पण लांबलंय. आणि खलबत्ता तुझा बेताल तो बेतालच.
कान ठीक आहेत तिचे.
मग चहा केला तिने. पाणचट. आल्याचा पत्ता नाही, साखर विसरलेली. कसा झालाय, विचारलं.
म्हटलं, खूप छान.